माणसे बदलत राहतील हे धरून बँड कसा चालवावा

स्वतंत्र बँड सुरू करणाऱ्या चार-पाच जणांना पहिल्या वर्षी गाणी कशी होतील, तालमीला जागा कुठे मिळेल आणि ऐकायला कोण येईल, एवढ्याच काळज्या असतात. आपल्यातला कोण कधी निघून जाईल हा विषय त्या दिवसांत निघत नाही, आणि कोणी काढलाच तर बाकीच्यांना तो अभद्र वाटतो. पण ड्रमरला बंगळुरूला नोकरी लागते, गिटार वाजवणारा शिकायला जर्मनीला जातो, गायिकेला जिंगल्सची आणि मालिकांच्या शीर्षकगीतांची कामे मिळू लागतात किंवा दोघांचे एकमेकांशी पटेनासे होते, आणि पाच-सात वर्षे टिकलेल्या बँडच्या जुन्या व नव्या फोटोंमध्ये सारखे चेहरे शोधावे लागतात. मी पुण्यात मराठी पॉप गाणी करणाऱ्या एका बँडमध्ये की-बोर्ड वाजवते. बारा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण होतो. त्यांतले आज दोघेच उरलो आहोत, आणि मधल्या काळात आणखी चार जण येऊन गेले. या येण्याजाण्यात बँड मोडू नये आणि जाणाऱ्याशी असलेला स्नेहही तुटू नये, यासाठी काय करावे ते येथे लिहिले आहे. माणूस जाण्याची सोय तो येतो त्या दिवशीच करून ठेवावी, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण जाण्याच्या दिवशी कोणाचेच डोके शांत नसते.

ही विद्या आपल्याकडे नाटकवाल्यांना फार पूर्वीपासून अवगत आहे. नट आजारी पडला किंवा चित्रीकरणात अडकला, तर रिप्लेसमेंट उभी करून प्रयोग लावणे ही मराठी रंगभूमीवरची नेहमीची गोष्ट आहे. ते जमते याचे कारण संहिता लिहिलेली असते, हालचाली बसवलेल्या असतात आणि नाटकाचे हक्क कोणाकडे आहेत हे निर्मात्याला ठाऊक असते. बँडमध्ये बहुधा यांपैकी काहीच लिहिलेले नसते. गाणे वाजवणाऱ्यांच्या हातात असते आणि हिशोब कोणाच्या तरी मोबाइलमध्ये. म्हणून बँडने नाटक कंपनीकडून पहिली शिकायची गोष्ट म्हणजे लिहून ठेवणे.

नाव कोणाचे, हे आधी ठरवा

१९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी गंधर्व नाटक मंडळी या नव्या नावाने कंपनी काढली. जुने नाव जुन्या मंडळींकडे राहिले. हा व्यवहार सरळ होता, कारण मंडळीचे नाव त्या तिघांपैकी कोणाचेच नव्हते. चार मित्रांनी एका रात्री चहा पिता पिता सुचवलेल्या नावाचे मात्र असे नसते. त्यावर चौघांचाही जीव असतो, आणि दोन-दोन जण वेगळे झाले की दोन्ही बाजूंना ते हवे असते.

यावर तीन प्रकारे तोडगा काढता येतो आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. पहिला म्हणजे नाव बँडचे राहील आणि जे वाजवत राहतील त्यांच्याकडे ते असेल. दिल्लीच्या इंडियन ओशनचा प्रवास असा झालेला दिसतो. त्यांच्या संगीताला पॉप म्हणावे की फ्युजन याविषयी ऐकणाऱ्यांत मतभेद असतील, पण स्वतंत्रपणे चाललेल्या भारतीय बँडचे त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये हा बँड सुरू केला. राहुल राम १९९१ मध्ये आणि अमित किलम १९९४ मध्ये त्यात आले. डिसेंबर २००९ मध्ये असीम यांचे निधन झाले आणि २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. म्हणजे ज्या दोघांनी सुरुवात केली ते दोघेही राहिले नाहीत, तरीही बँड त्याच नावाने गात राहिला आणि २०२३ मध्ये त्यांचा नवा अल्बमही आला. दुसरा प्रकार असा की नाव एकाच माणसाचे आणि बाकीचे साथीदार. यात कमीपणा काही नाही, फक्त साथीदारांना ते पहिल्या दिवसापासून स्पष्ट माहीत असले पाहिजे आणि त्यांची बिदागी त्या हिशोबाने ठरलेली असली पाहिजे. तिसरा प्रकार म्हणजे ठरावीक माणसांपैकी कोणीही गेले की नाव बंद करायचे. पहिल्याच अल्बमनंतर या तिसऱ्या प्रकाराचा पश्चात्ताप होतो असे मी पाहिले आहे, कारण तोवर नावाला थोडीफार ओळख मिळालेली असते आणि ती पुन्हा शून्यापासून मिळवणे जिवावर येते.

तोडगा ठरला की नावाची ट्रेडमार्क नोंदणी करावी. करमणुकीच्या सेवा ४१ व्या वर्गात येतात. रेकॉर्डिंग ९ व्या आणि टी-शर्ट २५ व्या वर्गात. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी १० वर्षे चालून पुढे नूतनीकरण करता येते. सुरुवातीला ४१ वा वर्ग पुरे. अर्ज कोणाच्या नावाने करायचा हा खरा प्रश्न असतो. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्याने घाईने स्वतःच्या नावावर अर्ज करून टाकला, की पहिला प्रकार ठरलेला असूनही कागदावर दुसरा प्रकार होऊन बसतो.

इथेच कायद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फार थोड्या बँडना माहीत असते. चार जण मिळून कार्यक्रम घेतात आणि नफा वाटून घेतात, तेव्हा कागद केला नसला तरी ती भागीदारी ठरू शकते, आणि तिला १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो. त्या कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. मुदत ठरलेली नसेल तर कोणीही एक भागीदार लेखी नोटीस देऊन ती मोडू शकतो. म्हणजे काहीच न लिहिणे हाही एक करारच आहे, आणि तो बँडसाठी सर्वांत वाईट करार आहे. दोन पानांचा भागीदारी करार करून त्यात ‘एक भागीदार गेला किंवा निवर्तला तरी उरलेल्यांची भागीदारी चालू राहील’ हे वाक्य घातले की हा धोका टळतो. एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) केली तर संस्थेला स्वतःचे अस्तित्व मिळते आणि माणसे बदलली तरी ती चालू राहते, पण दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात आणि त्यांचा खर्च असतो. वर्षाला कार्यक्रमांच्या दहा-बारा सुपाऱ्या घेणाऱ्या बँडला साधा करार पुरतो, असा माझा अनुभव आहे. तो मात्र एकदा वकिलाच्या नजरेखालून घालावा.

गाणे कोणाचे, हे गाणे झाल्याच्या आठवड्यातच लिहा

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने निदान तीन वेगळ्या वस्तू असतात आणि बँडमधली बहुतेक भांडणे त्या एकत्र कालवल्यामुळे होतात. शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येतून गायचे शब्द वगळलेले आहेत, त्यामुळे गीतकाराचा हक्क आणि संगीतकाराचा हक्क वेगवेगळे नोंदवायचे असतात. दोन्ही हक्क त्या त्या माणसाच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे टिकतात. दोघांनी मिळून चाल केली असेल, तर जो शेवटी जाईल त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे धरतात. ध्वनिमुद्रणाचा मालक वेगळा कोणी असू शकतो. ज्याने ते करण्याचा पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता, आणि करारात वेगळे काही नसेल तर हक्क त्याचा. स्टुडिओचे पैसे एकट्या ड्रमरने भरले असतील तर त्याने ते बँडतर्फे भरले की स्वतःतर्फे, हे त्याच वेळी लिहिलेले बरे.

आमच्याकडे प्रत्येक गाण्याचा एक कागद असतो. त्यावर तीन रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याची बेरीज शंभर येते. शब्दांच्या रकान्यात ज्याने लिहिले त्याचे नाव. चालीच्या रकान्यात आम्ही असा नियम केला आहे की कोणी पूर्ण चाल घरून बांधून आणली असेल तर शंभर टक्के त्याची, आणि चाल तालमीच्या खोलीत झाली असेल तर त्या दिवशी खोलीत असलेल्या सगळ्यांची समान. हा नियम काटेकोर न्यायाचा नाही हे मला मान्य आहे; एखाद्याने मुखडा सुचवलेला असतो आणि दुसऱ्याने फक्त ठेका धरलेला असतो. ठेका बसवणाऱ्याला किंवा बेसची ओळ काढणाऱ्याला संगीतकार म्हणायचे की नाही, यावर कितीही वाद घालता येईल. पण पॉप गाण्यात अनेकदा लोकांना आठवते ती गिटारची चार मात्रांची ओळच, आणि कोणाच्या चार मात्रा किती टक्क्यांच्या याचा खल दर गाण्याला करत बसलो तर पुढचे गाणे होतच नाही. ध्वनिमुद्रणाच्या रकान्यात त्या मुद्रणात प्रत्यक्ष वाजवणारे आणि खर्च उचलणारे येतात. खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. हा कागद गाणे प्रकाशित होण्याआधी झाला पाहिजे, कारण एकदा गाण्याला ऐकणारे मिळाले की प्रत्येकाची स्मरणशक्ती आपल्या बाजूने तेज होते.

जाणाऱ्याकडून ‘माझे सर्व हक्क बँडला दिले’ अशी एका ओळीची चिठ्ठी लिहून घेण्याचा मोह अनेकांना होतो. ती चिठ्ठी वाटते तितकी उपयोगाची नसते. कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते; त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत धरला जातो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या आणि चालींच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (कलावंतांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच) देता येतो. हा कायदा कलावंताच्या बाजूचा आहे आणि तसाच असावा. तेव्हा जाणाऱ्याचा वाटा काढून घेण्याची खटपट करू नये. त्याऐवजी जुनी गाणी कार्यक्रमांत गाण्याची, पुन्हा मुद्रित करण्याची आणि जाहिरातीला देण्याची परवानगी कोणत्या अटींवर मिळेल, एवढेच मुदत आणि प्रदेश घालून लिहून घ्यावे. प्रत्येक गीतकाराने आणि संगीतकाराने स्वतः आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद होऊन आपल्या कृती नोंदवाव्यात. म्हणजे त्या वाट्याची रक्कम बँडच्या खात्यातून न फिरता थेट ज्याची त्याला मिळते, आणि एक हिशोब कायमचा कमी होतो.

कार्यक्रमाच्या पैशांचे गणित सोपे ठेवावे. समजा, बिदागी ६०,००० रुपये ठरली. गाडीभाडे, साउंड इंजिनिअर आणि तालमीची खोली यांचे १५,००० गेले. उरलेल्या ४५,००० मधला पाचवा हिस्सा, म्हणजे ९,००० रुपये, बँडच्या खात्यात गेला. राहिले ३६,०००, ते चौघांत प्रत्येकी ९,०००. बदली वादक बोलावला असेल तर त्याचे ठरलेले पैसे गाडीभाड्यासारखे खर्चात धरावेत, हिश्शात नव्हे. त्याला कार्यक्रम पडला तरी काय मिळणार आणि पाहुणा म्हणून त्याची जबाबदारी कुठवर, हे आदल्या दिवशी सांगावे. बँडच्या खात्यातली रक्कम पुढच्या मुद्रणासाठी असते. जाणाऱ्याला तिच्यातला वाटा मिळणार की नाही हे मूळ करारात हवे. आमच्याकडे मिळत नाही, पण मुद्रणासाठी कोणी खिशातून दिलेले पैसे मात्र त्याला आधी परत मिळतात.

किल्ल्या एकाच्या खिशात ठेवू नका

आमचा पहिला गिटारवादक सज्जन माणूस होता आणि म्हणूनच सगळी कामे त्याच्याकडे होती. गाणी ज्या वितरकामार्फत ऑनलाइन मंचांवर चढवली त्याचे खाते त्याच्या वैयक्तिक ईमेलवर, व्हिडिओ चॅनेलही त्याचेच, आणि अल्बमच्या सेशन फाइल त्याच्या लॅपटॉपवर. तो परदेशी गेला आणि सहा महिन्यांनी त्याने इथले सिमकार्ड बंद केले. पुढे एका गाण्याच्या नावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करायला आम्ही खाते उघडायला गेलो, तेव्हा ओटीपी त्या बंद क्रमांकावर जाऊ लागला. तो तिकडून हवी ती मदत करायला तयार होता, तरी आठ महिने आमचे गाणे चुकीच्या नावाने लागत होते आणि रॉयल्टी कोणाच्याच हाती येत नव्हती. सेशन फाइलींचे तर त्याहून वाईट झाले. लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली आणि तीन गाण्यांचे वेगवेगळे ट्रॅक कायमचे हरवले. आज त्या गाण्यांतला आवाज कमी-जास्त करणेही आम्हाला शक्य नाही.

म्हणून बँडचा एक स्वतंत्र ईमेल आणि एक स्वतंत्र मोबाइल क्रमांक घ्यावा, तो कोणाच्याही घरचा नसावा आणि त्याचा रिचार्ज बँडच्या खात्यातून व्हावा. वितरक, चॅनेल, संकेतस्थळाचे नाव, तिकीट विक्रीची खाती, सगळे त्याच ईमेलवर उघडावे आणि पासवर्ड दोघांना ठाऊक असावेत. मुद्रण संपल्यावर प्रत्येक वाद्याचा सुटा ट्रॅक आणि अंतिम मास्टर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे. त्याबरोबर प्रत्येक मुद्रणाची ओळख असलेला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. वितरक बदलायची वेळ आली तर तोच क्रमांक आणि तेच मुद्रण पुन्हा चढवावे लागते. नवा क्रमांक घेतला तर जुन्या गाण्याने वर्षानुवर्षे मिळवलेली ऐकणाऱ्यांची संख्या त्याच्यामागे येत नाही.

जाणारा जातो तेव्हा

करारात नव्वद दिवसांची सूचना आणि घेतलेल्या सुपाऱ्या पूर्ण करण्याची अट असावी, पण मनातून उतरलेल्या माणसाला तीन महिने मंचावर उभे करू नये. तो वाजवेल, पण गाणे पडेल. अशा वेळी त्याला मोकळे करून बदली वादकाचे पैसे त्याच्या हिश्शातून घ्यावेत, हे अधिक बरे. कोणाला काढायचे असेल तर ते दोघांनी समोर बसून सांगावे. व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू नये, तालमीच्या खोलीत तर मुळीच सांगू नये, कारण पुढे त्या खोलीत उरलेल्यांनाच वाजवायचे असते. जाहीर निवेदन दोन-तीन वाक्यांचे, जाणाऱ्याने वाचून मान्य केलेले आणि एकाच दिवशी दोन्हीकडून प्रसिद्ध झालेले असावे. कारण द्यायची गरज नाही. त्याने कोणत्या गाण्यांवर काय केले ते मात्र नावानिशी लिहावे, कारण श्रोत्यांना तेच लक्षात ठेवायचे असते.

अनेक माणसे दुसरे काही करायचे असते म्हणून जातात, आणि त्यांना आधीच थोडी जागा दिली असती तर काही जण थांबलेही असते. ग्लासगोचा बेल अँड सेबॅस्टियन हा बँड या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. १९९६ मध्ये स्टो कॉलेजच्या संगीत व्यवसायाच्या अभ्यासक्रमाशी जोडलेल्या लेबलने त्यांचा पहिला अल्बम अवघ्या हजार प्रतींत काढला, आणि त्यानंतर त्यांनी जीपस्टर या लहान स्वतंत्र लेबलशी काम केले. सुरुवातीची गाणी जवळजवळ सगळी स्टुअर्ट मर्डॉक यांची होती. १९९८ च्या अल्बमपासून स्टुअर्ट डेव्हिड, इसोबेल कॅम्पबेल आणि स्टीव्ही जॅक्सन हेही लिहू-गाऊ लागले. त्यांतले डेव्हिड २००० मध्ये आपल्या वेगळ्या बँडसाठी बाहेर पडले आणि कॅम्पबेल २००२ मध्ये. लिहिण्याची संधी दिली म्हणून माणसे गेली, असे यावरून कोणी म्हणेल. मी उलट वाचते. लिहिणारे आणि गाणारे अनेक जण तयार झालेले असल्यामुळे दोघे गेल्यावरही जॅक्सन आणि सारा मार्टिन यांचे आवाज बँडकडे होते, आणि २००३ मध्ये बँडने नवा अल्बम काढला. ज्या बँडमध्ये एकच जण गातो आणि एकच जण लिहितो, तिथे त्या एकाच्या जाण्याने सगळे थांबते. त्यामुळे पहिल्या वर्षापासून निदान दोन गाणी दुसऱ्या गळ्यातून जावीत आणि सभासदांच्या स्वतंत्र कामांना कॅलेंडरमध्ये उघडपणे तारखा मिळाव्यात.

येणाऱ्याला गाणी कशी द्यावीत

या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. नव्या वादकाला ‘स्पॉटिफायवर ऐकून बसव’ असे सांगणे म्हणजे त्याच्या डोक्यावर दुसऱ्याची पगडी ठेवणे. मुद्रणात चार गिटारी एकावर एक असतात. त्यांतली मंचावर कोणती वाजते हे ऐकून कळत नाही.

आम्ही एक वही ठेवतो. प्रत्येक गाण्याला दोन पाने असतात: स्केल, लय मिनिटाला किती ठोक्यांची, मुखड्याआधी किती आवर्तने, कोण कोणाला पाहून सुरू करतो, मंचावर काय वगळतो, कोणत्या ओळीनंतर गायक हमखास थांबतो. याशिवाय सुट्या ट्रॅकवरून प्रत्येक वाद्य वगळलेले एक-एक मुद्रण करून ठेवतो, म्हणजे नवा ड्रमर घरी हेडफोन लावून बाकीच्या सगळ्यांबरोबर वाजवू शकतो. ज्या तीन गाण्यांचे ट्रॅक हरवले, ती बसवायला आजही प्रत्येक नव्या माणसाला दुप्पट दिवस लागतात.

गायक बदलतो तेव्हा वहीसुद्धा पुरत नाही. आमचा पहिला गायक काळी एकमध्ये गायचा. त्याच्या जागी आलेल्या गायिकेला तीच चाल काळी चारमध्ये हवी होती. सिंहगड रस्त्यावरच्या एका जॅमरूममध्ये आम्ही एका संध्याकाळी एकच गाणे घेऊन बसलो. गिटारवाला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप) लावून सी च्या आकारात वाजवत असे. कॅपो तिथेच ठेवून त्याला जी चे आकार घ्यावे लागले, आणि सी च्या आकारात सहज बसणारी ती ओळखीची चार मात्रांची ओळ नव्या आकारात बोटांखाली येईना. बेसवाल्याचा चौथा पडदा तोच राहिला, पण एक तार खाली उतरून. त्यामुळे अंतऱ्याखालचा बेस एकदम जड झाला आणि गायिकेचा आवाज त्यात बुडू लागला. माझ्या की-बोर्डवर ट्रान्सपोजचे बटण आहे, ते दाबून मोकळे होता आले असते. पण बटणाने सूर हलतात, त्यांच्या जागा शोधून मिळत नाहीत. मी डाव्या हाताचे स्वर काढून टाकले, उजव्या हाताचे एक उलटापालट करून वर नेले, ड्रमरने अंतऱ्यात किक निम्मी केली, तेव्हा कुठे जागा झाली. अडीच तास गेले. गाणे जुनेच होते, पण ते आता तिचे वाटत होते, आणि घरी जाताना ती प्रथमच ‘तुमचं गाणं’ न म्हणता ‘आपलं गाणं’ म्हणाली.

जाणाऱ्याची नक्कल करणारा माणूस शोधू नये. असीम चक्रवर्ती गातही होते आणि तबलाही वाजवत होते. त्यांच्यानंतर इंडियन ओशनमध्ये गायनाला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती असे दोघे आले. सुस्मित सेन यांच्यानंतर गिटार निखिल राव यांनी घेतली. एका माणसाची जागा एकानेच भरली पाहिजे असा नियम कुठे नाही, आणि काही जागा भरूही नयेत. आमच्याकडे बासरी वाजवणारा गेला तेव्हा आम्ही दुसरा बासरीवाला न शोधता त्या ओळी गायिकेच्या आलापाला दिल्या.

नव्या माणसाला तीन आठवड्यांत आठ गाणी द्यावीत, त्याहून जास्त नाही, आणि तेवढ्या काळात पाऊण तासाच्या पुढचे कार्यक्रम घेऊ नयेत. पहिले तीन कार्यक्रम ठरावीक पैशांवर, त्यानंतर दोन्हीकडून होकार असेल तर कार्यक्रमाच्या पैशांत पूर्ण समान हिस्सा; जुना-नवा असा भेद नाही. जुन्या चालींच्या रकान्यात त्याचे नाव जाणार नाही, हे त्याला सुरुवातीलाच दाखवावे. म्हणूनच पहिल्या दोन महिन्यांत त्याच्यासोबत निदान एक नवे गाणे झालेच पाहिजे. ज्याचे एकाही गाण्यावर नाव नाही, तो बँडमध्ये भाडेकरूसारखा राहतो.

जुनी मुद्रणे आणि जुने श्रोते

गायक बदलला की जुनी गाणी नव्या आवाजात पुन्हा मुद्रित करावीत का, हे आम्हाला नेहमी विचारले जाते. घाई करू नये. लोकांच्या मनात जुना आवाज असतो आणि नवा आवाज त्याच्या शेजारी ठेवला की तुलनाच होते. आधी नव्या आवाजाची नवी गाणी येऊ द्यावीत. वर्ष-दोन वर्षांनी मंचावर एखादे जुने गाणे खरोखरच बदलून गेले असेल, तर ते प्रत्यक्ष कार्यक्रमाचे मुद्रण म्हणून प्रसिद्ध करावे. जुने मुद्रण कधीही खाली उतरवू नये आणि त्यावरची नावे बदलू नयेत. ऑनलाइन मंचांवरची ‘आजचे सभासद’ ही माहिती अद्ययावत करताना अल्बमच्या जुन्या श्रेयनामावलीला हात लागत नाही ना, हे पाहावे.

निधनाचा प्रसंग वेगळा असतो आणि त्याची तयारी मनाने कधीच होत नाही. इंडियन ओशनने २०१० मध्ये जो अल्बम काढला, त्याला करोलबागेतल्या त्यांच्या जुन्या तालमीच्या घराचा पत्ता हेच नाव दिले, त्यातली गाणी श्रोत्यांना विनामूल्य उतरवून घेऊ दिली, आणि त्यात असीम यांचा आवाज होता. ज्यांना तो आवाज पुन्हा प्रत्यक्ष ऐकता येणार नव्हता, त्यांच्यापर्यंत तो असा पोहोचला. इतरांसाठी यातली व्यवहाराची बाजू एवढीच की मुद्रणे सुरक्षित असावीत, प्रत्येकाने आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीसाठी वारसाचे नाव सोसायटीकडे देऊन ठेवावे, आणि घरच्यांना बँडच्या कागदांची जागा माहीत असावी. आम्ही पाचही घरांत त्याची एकेक प्रत ठेवली आहे.

वर्षाचा हिशोब आम्ही मार्चअखेरीस करतो आणि गेलेल्या प्रत्येकाला त्याच्या वाट्याची रक्कम, कितीही लहान असली तरी, पाठवतो. त्यासोबत कोणत्या गाण्याचे किती आले याचा तक्ता जातो. गेल्या वर्षी आमच्या पहिल्या ड्रमरच्या वाट्याला ३१२ रुपये आले. पैसे पाठवल्यावर तासाभरात त्याचा बंगळुरूहून फोन आला. नव्या ड्रमरसाठी आम्ही वहीच्या ज्या पानांचे फोटो त्यालाही दाखवायला पाठवले होते, ती त्याने पाहिली होती, आणि चौथ्या गाण्याच्या अंतऱ्यापूर्वीचा तुकडा आम्ही सहा मात्रांचा लिहिला आहे, तो प्रत्यक्षात सातांचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने फोनवरच टेबलावर बोटांनी तो वाजवून दाखवला, आणि मी वहीत दुरुस्त केला.